धामणखेडचे आरमार

सन १८६४ च्या मार्च महिन्यात अमरावतीस आमच्या दप्तरात मुंबईहून एक लखोटा आला. वऱ्हाड प्रांतात आरमारी तोफगोळ्यांची जी जुनी रिकामी कवचे पडून असतील ती ओळखून, गोळा करून, महिनाअखेर आकडा कळवावा, असा हुकूम होता. आरमार म्हणजे समुद्रावरची फौज. अमरावतीपासून समुद्र किती लांब आहे हे हुकूम काढणाराने पाहिले नव्हते, आणि आम्ही विचारले नाही. विचारण्याचे खाते वेगळे असते.

आमचे खाते अवांतर जिन्नसांचे. ज्या वस्तूचे काय करावे हे कोणत्याच दप्तराला ठाऊक नसे ती आमच्याकडे येई. आम्हालाही ठाऊक नसे, पण आम्हाला त्याचाच पगार होता. मी तिथे दुय्यम कारकून. माझ्यावर शिरस्तेदार भगवंतराव, भगवंतरावांवर साहेब, आणि साहेब उन्हाळाभर चिखलदऱ्याच्या थंड हवेत. कागद वर डोंगरावर जात आणि सही होऊन खाली येत. वाटेत कोणी ते वाचत असेल असा वहीम मला कधीच आला नाही.

या हुकुमामागची हकीकत सांगतो, म्हणजे सरकार कसे चालते ते कळेल. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडच्या कापसासाठी जीव टाकत होत्या. भाव असे चढले की शहाणी माणसे खुळी झाली आणि खुळी माणसे शेठ झाली. या धांदलीत अकोल्याहून गेलेली कापसाची एक गाठ विलायतेत फोडली, तर आतून लोखंडाचा पोकळ गोळा निघाला आणि मुकादमाच्या पायावर पडला. जहाजावरच्या तोफेत असे पोकळ गोळे दारू ठासून घालतात. दारू नसलेले ते रिकामे कवच.

आता तुम्हाला वाटेल, गाठीचे वजन वाढवायला लोखंड घालणाऱ्या व्यापाऱ्याला धरले असेल. वाटू द्या, वाटायला काय लागते. गोळ्यावर आरमाराची खूण होती, म्हणून गिरणीवाल्याने तो आरमार खात्याकडे पाठवला. आरमार खात्याने विचारले, आमची मालमत्ता कापसात कशी? कापूस खात्याने कळवले, कापसात कापसाखेरीज जे निघते त्याच्याशी या खात्याचा संबंध नाही. मग प्रश्न एवढाच उरला की अशी कवचे आणखी किती आहेत, आणि तो प्रश्न सात समुद्र ओलांडून आमच्या टेबलावर आला. मुकादमाच्या पायाचे पुढे काय झाले हे कोणत्याच कागदात नव्हते.

हुकुमासोबत ओळखण्याची लक्षणे दिली होती. जिन्नस धातूचा असावा. गोल असावा. आतून पोकळ, वर तोंड. अंगावर ठोकलेली अक्षरे किंवा खूण. जहाजावर राहिलेला असल्याने खाऱ्या पाण्याचे डाग आढळतील. खुष्कीवरच्या, म्हणजे जमिनीवरच्या, फौजेचे गोळे मात्र उचलू नयेत, ते दुसऱ्या खात्याचे. सोबत चित्र जोडले आहे, असेही लिहिले होते. चित्र कुठल्यातरी मधल्या दप्तराने ठेवून घेतले होते.

"समुद्र कोणी पाहिलाय?" भगवंतरावांनी विचारले.

भगवंतराव तीस वर्षे नोकरीत होते आणि त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, कारण त्यांच्या हातून काहीच झाले नव्हते. त्यांच्या प्रश्नावर सगळे दप्तर माझ्याकडे पाहू लागले. मी एकदा मेहुण्याच्या लग्नाला मुंबईस गेलो होतो. पोहोचलो त्या दिवशी पोट बिघडले ते परत निघेपर्यंत. एका खोलीची भिंत तेवढी मी पाहिली. तिच्या पलीकडे समुद्र आहे असे मला सांगण्यात आले. परत आल्यावर लोक म्हणाले, "केशवराव, समुद्र पाहिलात असेल!" मी हो म्हणालो नाही. मी नुसता हसलो, आणि त्या हसण्यावर चार वर्षे दप्तरात माझा मान होता.

तेव्हाही हसलो. भगवंतरावांनी लगेच लिहून टाकले: आरमारी जिन्नसांचे पारखी, केशवराव.

चौकशी सुरू करायची ती जिथून गाठ गेली तिथून, एवढी अक्कल मला होती. शिपाई नत्थुजीला घेऊन मी अकोल्यास शालिकराम शेठच्या कापसाच्या वखारीत गेलो. शालिकराम मोठा हसतमुख माणूस. त्याच्या गाड्या कापूस घेऊन पश्चिमेकडे जात आणि येताना मुंबईच्या लिलावातले मोडके लोखंड भरून येत. वखारीच्या अंगणात चाळीसेक लोखंडी गोळे ओळीने मांडले होते. गोल, पोकळ, वर दोन बोटांचे तोंड. शेजारीच कापसाच्या गाठी बांधणे चालू होते, आणि बांधणारे आमच्याकडे पाठ करून उभे होते.

"आओ साब, बसा," शालिकराम म्हणाला. "हे? हे तं आमी ताडपत्री उडू नाई म्हनून ठेवतो जी."

"आरमारी आहेत का ते पाहावे लागेल."

"पाहा ना. सरकारचं काम म्हंजे आपलंच काम."

आम्ही पाहिले. लक्षणांत खारे डाग होते. नत्थुजीने एक गोळा चाटला तर सरकीच्या तेलाची चव आली. खुणा शोधल्या तर जिथे खूण असायची नेमके तिथेच प्रत्येक गोळ्यावर ताजे डांबर होते. शेवटची कसोटी भगवंतरावांनी निघताना सांगितली होती, आणि ती त्यांच्या तीस वर्षांतली एकमेव कल्पना होती. "जहाजावरची वस्तू पाण्यात बुडेल तर जहाजावर ठेवतील कशाला? तरंगवून पाहा." वखारीच्या हौदात गोळा सोडला. तो खाली गेला आणि हौदाची फरशी फुटली.

"बुडला," नत्थुजी म्हणाला.

"खुष्कीचा," मी लिहिले.

चाळीसही गोळे खुष्कीचे ठरले. शालिकरामाने दाखला मागितला, तो मी दिला: सदरहू जिन्नस आरमारी नसून सरकारास त्यांच्याशी कर्तव्य नाही. त्याने दाखला डोळ्यांना लावला आणि आम्हाला केशराचे दूध पाजले. आम्ही वखारीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत अंगणातले गोळे निम्मे झाले होते आणि गाठी बांधणारे पुन्हा कामाला लागले होते. माझ्याकडे उरला तो आकडा शून्य.

मी अमरावतीस निरोप पाठवला की कवचे निरंक. भगवंतरावांचे उत्तर उलट टपाली आले. "निरंक कळवता येणार नाही. निरंक म्हणजे हुकूम चुकीचा. हुकूम चुकीचा म्हणजे मुंबई चुकीची. तुम्हाला मुंबई चुकीची म्हणायची आहे काय? तसे असल्यास आपल्या नावाने लिहून सही करावी." मला बायको होती, तीन मुली होत्या. मी बैलगाडी जुंपायला सांगितली.

अकोल्याहून अकोटच्या बाजूला निघाले की पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण लागते. जमीन काळी, पीक जोरदार, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. मौजे धामणखेड हे त्यातलेच. पिण्याचे पाणी एक कोसावरच्या गोड्या झिऱ्यावरून आणायचे, बाकी धुणीभांडी खाऱ्या विहिरीवर. मातीच्या मडक्याला तिथे खार चढतो आणि चार दिवसांत त्याचे पोपडे निघतात. म्हणून घरोघरी पाणी भरायला पितळेचे गुंड. पुण्याकडचे लोक त्याला घागर म्हणतील.

आम्ही पोहोचलो तेव्हा बायका पाणी घेऊन येत होत्या. नत्थुजी तिथल्याच मुलखाचा. गाडीवर बसल्या बसल्या त्याने थट्टा केली.

"पाहा जी रावसाहेब. धातूचं हाये, गोल हाये, पोकय हाये, वर तोंड हाये. अन् खार तं असा चढला हाये का बोटानं निगते. सापडलं तुमचं आरमार!"

तो हसत होता. मी हसलो नाही. मी लक्षणांचा कागद काढला आणि एकेक ओळ वाचली. एकही ओळ चुकत नव्हती.

"त्या बाईला थांबव," मी म्हणालो.

ती मैनाबाई. पन्नाशीची, उंच, डोक्यावर भरलेला गुंड, आणि थांब म्हटल्यावर थांबणाऱ्यांतली नव्हे. ती सरळ घरी गेली, पाणी ओतले, मग रिकामा गुंड कमरेवर घेऊन दारात आली.

"काय म्हनून राह्यले जी?"

"हा जिन्नस सरकारी दिसतो. तपासायचा आहे."

"सरकारी? माह्या बापानं लग्नात देल्ला मले."

"त्यावर अक्षरे आहेत."

"नाव हाये माह्यं. मैना. कासारानं ठोकून देल्लं, का पंगतीत भांडं बदलू नाई म्हनून. सगयाइच्या भांड्यावर रायते."

"जहाजांनाही बायकांची नावे असतात," मी म्हणालो. हे मी कुठेतरी ऐकले होते आणि ते खरे आहे.

नत्थुजीने खाऱ्या विहिरीत गुंड सोडला. तो डौलात तरंगू लागला. गावकरी जमले होते, कोणी खो खो हसले. मी तारीख घातली आणि लिहिले: आरमारी, एक.

तेव्हा मात्र मैनाबाईच्या लक्षात आले की ही थट्टा नाही. तिने गुंडाचा गळा दोन्ही हातांनी धरला.

"अवो सायेब, मंग पानी कशात भरू मी? सुभद्राले, माह्या सुनेले, आठवा लागला हाये. खारं पानी पचत नाई तिले, मागचं लेकरू असंच गेलं तिचं. मडकं टिकत नाई, लोट्यानं कोसभर किती येरझारा घालू? एकच गुंड हाये माह्या घरी."

"अर्ज करता येईल," मी म्हणालो.

"हे जहाज म्हंजे काय जी?"

"समुद्रावर चालते ते."

"अन् समुद्र कसा रायते?"

"पाणीच पाणी. खारे."

"मंग तो आमच्या विहिरीत हाये ना! काय करता त्या जहाजाचं, घ्या, सोडा तिच्यात!"

गाव पुन्हा हसले. मला राग आला, पण तिचे वाक्य मी टिपून घेतले. चांगला कारकून रागातही टिपून घेतो.

बाकी कवचे मला शोधावी लागली नाहीत. मैनाबाईचा गुंड गाडीत चढला आणि गावातले हसू थांबले, आणि जो तो हळूच माझ्या कानाशी येऊ लागला. पार्बताबाईकडे दोन आहेत, सत्यभामा सांगून गेली. सत्यभामेने तिसरा कडब्यात लपवलाय, पार्बताबाईचा नवरा सांगून गेला. दुसऱ्याचे दाखवले की आपले वाचेल असा प्रत्येकाचा हिशेब, आणि हिशेब सगळ्यांचा सारखाच असल्यामुळे कोणाचेच वाचले नाही. पाटील महादेवरावांच्या घरी सत्तावीस होते. त्यांच्यावर मात्र खार आढळला नाही. आम्ही तिथे जेवलो होतो. मैनाबाईने कोणाचे नाव सांगितले नाही. ती ओट्यावर बसून होती आणि गाडीत भांडी चढताना पाहत होती.

संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा माझ्या यादीत एकशे सदतीस कवचे होती. युद्धनौका मैना, युद्धनौका पार्बता, युद्धनौका सत्यभामा, युद्धनौका गोदा, युद्धनौका मनकर्णा. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

मुंबई थक्क झाली. मद्रासेने बंदरावरून नऊ कवचे कळवली होती, सुरतेने चार. एका कोरड्या गावातून एकशे सदतीस! शाबासकी आली, आणि शाबासकीमागून प्रश्न आला: समुद्रापासून इतक्या दूर एवढे आरमार आले कसे, याचा खुलासा करावा.

भगवंतरावांनी मला दार लावून घ्यायला सांगितले. "केशवराव, खरे सांगा. भांडीच आहेत ना ती?"

"लक्षणे जुळतात."

"ते मी विचारले नाही. आणि तुम्हीही मला उत्तर दिले नाही. खुलासा लिहा."

मी लिहिला. आरमार समुद्राशिवाय येत नाही. आरमार आले आहे. सबब वऱ्हाडात समुद्र होता. पुरावा म्हणून धामणखेडच्या विहिरीतले खारे पाणी बाटलीत भरून लाखेची मोहर करून जोडले, आणि "स्थानिक स्त्रियांमध्ये समुद्र विहिरीत असल्याची परंपरागत समजूत आढळते" असेही घातले. हा खुलासा चिखलदऱ्याहून सही होऊन मुंबईस गेला. जिथे समुद्र होता तिथे बंदर असले पाहिजे, असा शेरा मारून तो बंदर खात्याने आपल्याकडे घेतला. पंधरा दिवसांत अकोल्यास मोर्णा नदीच्या काठी पाटी लागली: सरकारी बंदर, अकोला. परवानगीशिवाय जहाज लावू नये. चैत्रातल्या मोर्णेत बकऱ्यांचे खूर भिजत नव्हते, त्यामुळे हा नियम कोणी मोडला नाही. बंदराचे कारकून म्हणून माझी नेमणूक झाली, पगार वाढून.

मैनाबाईचा पहिला अर्ज मला त्या नव्या खुर्चीत मिळाला. पाच कोस चालत आली होती. भगवंतराव बंदर पाहायला अकोल्यास आले होते, ते शेजारी बसून पान लावत होते.

"अर्जात जिन्नस आरमारी नसल्याचे म्हटले आहे," मी म्हणालो. "पुरावा लागेल."

"गुंड पाहा ना जी. गुंडच पुरावा हाये."

"तो तपासला आहे. तपासात आरमारी ठरला."

"कोनं ठरवला?"

"मी."

ती टेबलाशी वाकली. "तुमी समुद्र पाह्यला काय जी?"

भगवंतरावांचा पान लावणारा हात थांबला. बाई अजिबात चिडलेली नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. आणि मला इतके कळत होते की मी नाही म्हणालो की तिचा गुंड सुटतो, गावाचे एकशे सदतीस सुटतात, आणि माझे बंदर, पगार, चार वर्षांचा मान सगळे मोर्णेत जाते. सुभद्रेचा नववा चालू होता. हे सगळे मी त्या एका क्षणात नीट पाहिले; मी काही आंधळा नाही.

"पाहिला," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि अर्ज टेबलावरच सोडून निघून गेली. मला लाज वाटली. खरोखर वाटली, दुपारचे जेवण गेले नाही. रात्रीचे गेले.

दरम्यान नवीच टूम निघाली. वऱ्हाडात कापसाचा पैसा उतू जात होता. ज्यांच्या गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवून झाल्या होत्या त्यांना पुढे काय करावे सुचत नव्हते. सरकार कवचे गोळा करते म्हटल्यावर अचलपूरपासून अकोल्यापर्यंत बड्या घरांत कवचांचे संग्रह सुरू झाले. आपल्याच स्वयंपाकघरातली भांडी उचलून दिवाणखान्यात मखमलीवर मांडायची आणि आल्यागेल्याला विचारायचे, "यातले आरमारी कोणते, ओळखा पाहू!" ओळखणारे जाणकार झाले. जाणकारांचे आपसात वाद झाले. एका जाणकाराने तर गंगाळ हे मोठ्या पल्ल्याच्या तोफेचे कवच असल्याचे सिद्ध केले, आणि त्या घरात महिनाभर कोणी आंघोळ केली नाही. पाटील महादेवरावांनी मला निरोप धाडला: आमच्या सत्तावीसांवर मागे खार आढळला नव्हता, ती आमच्याकडून कसूर झाली, पुन्हा येऊन तपासून जावे, जेवायला पुरणपोळी आहे. मी गेलो. खार आढळला.

एवढी आस्था पाहून सरकारने वैशाखात अकोल्यास प्रदर्शन भरवायचे ठरवले. बंदराच्या पाटीजवळ मांडव घातला, लाल कापडावर कवचे मांडली, पुढे दोरी बांधली आणि प्रत्येकाखाली पाटी लावली. पाटीवर माझा मजकूर, खाली साहेबांची सही. अमरावती, अकोट, अचलपूर, सगळीकडच्या प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रणे गेली, आणि झाडून सगळे आले. तुम्हीही आला होता. नाही म्हणू नका, अभिप्रायाच्या वहीत सही आहे. "अत्यंत बोधप्रद," असे कोणी लिहिले, कोणी "आपल्या प्रांताचा उज्ज्वल सागरी वारसा पाहून ऊर भरून आला." तुम्ही मुलांना खांद्यावर घेऊन दाखवत होता. मुले म्हणत होती, "बाबा, ही तर घागर." तुम्ही म्हणत होता, "श्श्! पाटी वाच."

साहेब एका दिवसापुरते डोंगरावरून उतरले. मला त्यांचीच धास्ती होती. हा माणूस विलायतेहून महिनोन्‌महिने जहाजात बसून आलेला, तोफा उशाशी घेऊन झोपलेला. एका नजरेत ओळखणार. ते पहिल्याच कवचापाशी वाकले. आत पाहिले. टिचकी मारली. मग खालच्या पाटीवर आपलीच सही पाहिली आणि हळूहळू मान वर करून माझ्याकडे पाहिले. आता संपले, मला वाटले, आणि खरे सांगतो, फार मोकळे वाटले. आता हा माणूस बोलेल आणि मला बोलावे लागणार नाही.

"छान," साहेब म्हणाले. "फार छान. आणखी आहेत का?"

तेवढ्यात गर्दीतून मैनाबाई पुढे आली. छातीशी पंधरा दिवसांचे मूल, फडक्यात गुंडाळलेले. ती दोरीखालून आत शिरली, ओळीत फिरली नाही, शोधले नाही, थेट आपल्या गुंडापाशी गेली आणि त्यावर हात ठेवला.

"हा माहा गुंड हाये," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण दोरीपलीकडे सगळ्यांना ऐकू गेले. "हे माह्यं नाव. हा पोचा पाहा, सुभद्रा नवी नवरी असतानी विहिरीच्या पायरीवर पडली तवाचा."

"पाटीवर तर शत्रूच्या गोळ्याची खूण म्हटले आहे," चष्मेवाला एक गृहस्थ म्हणाला.

"मी कोनाले दोष नाई देत बाप्पा. खारं पानी पिऊन पिऊन सुभद्रा अंथरुनाले लागली. दूध आटलं तिचं. लेकरू बकरीच्या दुधावर हाये. वैद म्हनते गोडं पानी पाजा, भरपूर पाजा. मी लोट्यानं आनतो, थे पुरत नाई. मले काई नोको सरकारचं. माहा गुंड द्या, मी चालली."

साहेबांना मराठी येत होती, पण ती पुस्तकातली. वऱ्हाडी बाईचे त्यांना कळले नाही. त्यांनी मला विचारले, "बाई काय म्हणते?"

सगळा मांडव माझ्याकडे पाहू लागला. भगवंतराव माझ्या पाठीशी उभे होते, त्यांचा श्वास मानेला लागत होता. मला दोन वाक्ये बोलायची होती, आणि दोन्ही मला येत होती.

"बाई म्हणते, हुजूर, गावाला या आरमाराचा फार अभिमान वाटतो."

साहेबांनी टोपी काढली आणि मैनाबाईला लवून मुजरा केला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नत्थुजीने टाळी वाजवली नाही. त्याने तिला दंडाला धरून, अगदी हळू, दोरीबाहेर आणले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि तो शिपाई होता.

मैनाबाईने त्याचा हात सोडवला. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही, मला ती ओळखून चुकली होती. ती तुमच्याकडे वळली.

"तुमी तरी सांगा बाप्पा," ती म्हणाली. "तुमी तं शिकलेले मानसं. तुमच्या घरी हे नाई काय? आज सकायी पानी कशातलं पेले?"

कोणी खाकरले. कोणी उपरणे सारखे केले. मूल रडू लागले, तिने ते खांद्यावर टाकले आणि थोपटत थोपटत ती पहिल्या रांगेपासून निघाली. घाई केली नाही. एकेकासमोर थांबत होती, तोंडाकडे पाहत होती आणि पुढच्याकडे जात होती. अशी ती तुमच्यापर्यंतही आली, आणि इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ थांबली. तुम्ही त्या वेळी पाटी वाचत होता.